सोलापुरात मुक्काम

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला: जिथे मुद्दाम फिरायला कुणी जात नाही, अशा गावी जाऊन फिरून यायचं. मी लगेच सोलापूर म्हटलं. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग प्रश्न आला, "अहो, पण तिथे आहे काय?"

सोलापूर ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. सोलापूर पाहिलेला मात्र विरळा. अक्कलकोटला जाणारा इथे उतरतो, तुळजापूरला जाणारा इथे एसटी पकडतो. पंढरपूर, गाणगापूर, विजापूर, सगळ्या वाटा इथूनच फुटतात. लोक स्टेशनवर तोंड धुतात, चहा घेतात आणि पुढे निघतात. परतताना एक चादर आणि पावशेर शेंगाचटणी पिशवीत पडते. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख वस्ती असलेलं शहर आपण असं फलाटावरूनच उरकतो.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्या मामांचा पहिला प्रश्न तोच होता. "अक्कलकोट का तुळजापूर?"

"सोलापूरच. गिरण्या बघायच्यात, माग बघायचेत."

मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "गिरण्या कवाच्या बंद पडल्या की हो. बंद पडलेलं काय बघताव?"

प्रश्न रास्त होता. ऊन कडक, रस्त्यांवर धूळ, पाऊस पर्जन्यछायेतला, म्हणजे आला तर आला. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणायचं आणि तेही कित्येक वर्षं तीन-चार-पाच दिवसांआड. दारोदारी निळे ड्रम मांडलेले. प्रवासाच्या जाहिरातीत छापावं असं यात काही नाही. तरीही मला हे शहर आवडलं. ते का, हे सांगायला या गावात काम कसं चालतं ते आधी सांगावं लागेल, कारण इथे बघण्यासारखं जे आहे ते कामच आहे.

भोंगा

१८६० साली रेल्वे सोलापुरात पोचली आणि गावाचं नशीब फिरलं. त्याआधीही ही पेठ होती, हातमाग होते, व्यापार होता. पण आजूबाजूचा कापूस आणि मुंबई यांच्या मध्ये रूळ पडल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की सूत इथेच कातलं तर काय बिघडतं? १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. तिच्यामागून दुसऱ्या आल्या, तेव्हा हिचं नाव ‘जुनी मिल’ पडलं आणि तेच टिकलं. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम ही नावं आजही पत्ता सांगताना ओठांवर येतात. गिरणी नसली तरी तिचा चौक असतो, तिची चाळ असते, तिच्या नावाचा बसथांबा असतो.

त्या काळी घड्याळ गिरणीच्या मालकीचं होतं. भोंगा वाजला की पाळी सुटली, दुसरा वाजला की पाळी लागली. वयस्कर माणसांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. आठवण सांगताना ती ‘सकाळी सहाला’ म्हणत नाहीत, ‘पहिल्या भोंग्याला’ म्हणतात. बायका भोंग्यावर भाकरी टाकायच्या, पोरं भोंग्यावर शाळेला निघायची. फाटकाशी बदली कामगारांची गर्दी असायची. कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं आत घेतलं जाई, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परत. ‘बदली’ म्हणून लागलेला माणूस कायम होईपर्यंत वर्षंच्या वर्षं जात.

जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गेली, मागोमाग नरसिंग गिरजी. कारणं मुंबईच्या गिरण्यांसारखीच: जुनी यंत्रं, वाढलेली देणी, यंत्रमागांची स्वस्त स्पर्धा आणि जमिनीचा वाढत चाललेला भाव. फरक एवढाच की मुंबईत गिरणीच्या जागी मॉल उभे राहिले आणि त्यांचे फोटो देशभर गेले. इथल्या पडझडीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मामांचे वडील लक्ष्मी-विष्णूच्या विणाई खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मामा नुकते रिक्षा शिकले होते. "आमच्या बॅचची निम्मी पोरं रिक्षावर, निम्मी लूमवर," ते म्हणाले आणि रिक्षा पूर्वेकडे वळवली.

वाटेत एक वस्ती लागते, तिचं नाव सेटलमेंट. ब्रिटिशांनी ज्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं आणि गिरण्यांत कामाला जुंपलं होतं. सकाळ-संध्याकाळ हजेरी द्यायची. स्वस्त आणि पळू न शकणारे मजूर गिरण्यांना आयते मिळाले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुंपण गेलं, नाव राहिलं. रिक्षा तिथून जाताना मामा नुसते "सेटलमेंट" एवढंच म्हणाले. त्यांच्या लेखी तो एक थांबा होता.

पूर्व भाग

सोलापूरकर ज्याला नुसतं ‘पूर्व भाग’ म्हणतात, तिथे शिरल्यावर कानाला आधी कळतं. घराघरांतून खटखट येते. एका घराची संपली की पुढच्याची सुरू. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, पद्मानगर. पाट्या मराठीत, खाली तेलुगू, मधूनच कन्नड, कुठे उर्दू. चहाच्या टपरीवर चार माणसं बसली तर बोलणं तीन भाषांत चालतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

इथले पद्मशाली विणकर तेलंगणातून आले. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा भागातून, निजामाच्या मुलखातून. दुष्काळ मागे लागला होता आणि पुढे गिरण्या होत्या. माग चालवणारे हात सोबत घेऊनच ते आले. गिरणीत पाळी भरून घरी आल्यावरही घरचा हातमाग चालायचाच. पुढे हातमागाचा यंत्रमाग झाला, पण तो ठेवला गेला घरातच, किंवा घराला लागून काढलेल्या शेडमध्ये. त्यामुळे या भागात राहण्याची जागा आणि कामाची जागा यांच्यात पडदाही नाही. मागाशेजारी देव्हारा असतो. देव्हाऱ्यात मार्कंडेय असतात, पद्मशालींचे कुलपुरुष. नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. नवरात्राच्या दिवसांत बायका फुलांची उतरंड रचून बतुकम्मा खेळतात. ही तेलंगणाची रीत पिढ्यान्‌पिढ्या इथे अंगणात नांदते आहे.

एका शेडच्या मालकांनी मला आत घेतलं. "या की, बघा," एवढीच परवानगी. आत शिरताच बोलणं संपलं. लूमच्या आवाजात माणसं ओठ वाचतात, हातवारे करतात. जॉबर नावाचा मिस्त्री दूरवरून नुसती दोन बोटं हलवतो आणि पलीकडच्याला कळतं की बीम संपत आलाय. हवेत कापसाची बारीक भुकटी तरंगत असते, ती भुवयांवर बसते. तासाभराने मी बाहेर आले तेव्हा माझ्या कानांत शिट्टी वाजत होती. आतला माणूस बारा तासांची पाळी करतो.

सोलापुरी चादर कशी होते, ते इथे नीट पाहायला मिळालं. लूमच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एकमेकींना शिवलेली माळ हळूहळू फिरते. प्रत्येक पट्टीवर भोकं. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागाही वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मधून धोटा जातो, बाण्याचा एक धागा पडतो आणि पुढची पट्टी येते. एका मोराला अशा शेकडो पट्ट्या लागतात. म्हणजे चादरीवरचा मोर आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर काढलेला असतो, घर मोजून मोजून, मग पुठ्ठ्यात टोचलेला असतो, आणि मग तो कापडात उतरतो. टोचणारे कारागीर आता मोजके आहेत. नव्या लूमवर जकार्ड इलेक्ट्रॉनिक असतं, नक्षी संगणकावर होते.

अस्सल चादर दुहेरी विणीची असते. दोन थर एकत्र विणले जातात आणि नक्षीच्या कडेने ते अदलाबदल करतात. त्यामुळे वरून लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर मिळतो. उलटसुलट कशीही पांघरा. वजन भरपूर, धुऊन धुऊन मऊ होत जाणारी, आणि टिकण्याच्या बाबतीत लबाडी नाही. पुलगम, चाटला ही नावं घराघरांत पोचली ती याच मालावर. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

पण खरी गोष्ट अशी की सोलापुरात आज चादर थोडी आणि टॉवेल फार. पानिपतहून पातळ, स्वस्त, छापील नक्षीची चादर येते आणि तीर्थक्षेत्राच्या गावांत ‘सोलापुरी’ म्हणून निम्म्या भावात विकली जाते. घेणाऱ्याला दोन धुण्यांत फरक कळतो, पण तोवर तो आपल्या गावी पोचलेला असतो. इथल्या कारखानदारांनी कंटाळून लूम टॉवेलकडे वळवले. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आता बहुतेक शेडमधून टेरी टॉवेलच निघतो आणि परदेशात जातो.

टॉवेलाची वीण समजून घ्यायला मला वेळ लागला. इथे लूमला दोन बीम असतात. एकाचा ताणा घट्ट ओढलेला, दुसऱ्याचा मुद्दाम सैल. बाण्याचे पहिले दोन धागे फणी पूर्ण ठोकत नाही, थोडे अंतरावर ठेवते. तिसरा धागा पडला की तिन्ही एकदम पुढे ढकलते. त्या ढकलण्यात घट्ट ताणा जागच्या जागी राहतो आणि सैल ताण्याचा धागा, साडीच्या निऱ्या ओढताना फुगाव्यात तसा, वर उचलून येतो. तेच टॉवेलाचे फासे. पाणी टिपायचं काम त्यांचं. अंग पुसताना आजवर कधी याचा विचार केला नव्हता.

एका लूममागे किती धंदे उभे आहेत ते गल्ल्यांतून चालताना दिसतं. ताण्याला खळ देणारं साइझिंग, सूत रंगवणारे कारखाने, कांड्या भरणाऱ्या बायका, टॉवेलाच्या कडा शिवणारी पोरं, गाठोडी वाहणारे हमाल. मोकळ्या मैदानात बांबूवर रंगीत सुताच्या लड्या वाळत घातलेल्या असतात. गडद निळ्या, शेंदरी, मोरपिशी. सोलापूरचं एकच छायाचित्र काढायचं तर मी ते काढीन. काढलंही असतं, पण लड्या उलटवणाऱ्या माणसाने मान हलवून नको म्हटलं. मीही फोन पर्समध्ये ठेवला.

पान, पत्रा, दोरा

दुपारी याच गल्ल्यांत उंबऱ्याउंबऱ्यावर बायका बसलेल्या दिसतात, मांडीवर सूप घेऊन. सोलापूरच्या अर्थकारणाचा हा दुसरा खांब. माग पुरुषांचा, विडी बायकांची. कापडाचा धंदा बसला, की घर विडीवर चालतं. असं या शहरात अनेकदा झालंय.

मी ज्या अक्कांजवळ बसले त्यांचे हात बोलताना थांबले नाहीत. तेंदूचं पान आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवायचं. सकाळी पत्र्याचा छोटा चौकोनी साचा त्यावर टेकवायचा आणि कात्रीने त्या मापाचं कापायचं. शिरा टाळून कापावं लागतं, नाहीतर विडी फुटते. मग पानावर तंबाखूची चिमूट, बोटांनी एक वळण, वरचं तोंड खिळ्यासारख्या काडीने आत दुमडायचं, खालच्या अंगाला दोरा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजार विड्यांवर मजुरी, म्हणजे चाळीस कट्टे. त्यात स्वयंपाक, धुणं, पोरांची शाळा आणि नळाला पाणी येण्याची वेळ, सगळं बसवायचं.

कारखाना म्हणतात तो खरं तर देवघेवीचा गाळा. तिथे माल द्यायचा, दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घ्यायचं. तपासनीस कट्टे उघडून बघतो, वाकडी-सैल विडी बाजूला काढतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. पानं वजनावर मिळतात, त्यात फाटकी निघाली तर उरलेली विडी स्वतःच्या खिशातून पान विकत घेऊन पुरी करायची. "छाट कमी काढ म्हणून भांडायचं रोज," अक्का म्हणाल्या. "भांडलं नाय तर जास्त काढतो. भांडलं तर थोडी कमी." मजुरीच्या या हिशेबावर सोलापुरात कितीतरी मोर्चे निघाले आहेत आणि त्या मोर्च्यांत पुढे बायकाच असतात.

इथे एक कबुलीवजा गोष्ट नोंदवायला हवी, ती फिरायला जाणाऱ्या प्रत्येकासाठी. बोटांची ती चपळाई बघताना भुरळ पडते. डोळ्याला ते देखणं वाटतं. पण त्याच अक्कांना पाठदुखी आहे, खोकला आहे, बोटांची टोकं काळी पडलीत. शिवाय जी वस्तू ओढणाऱ्यालाही अपाय करते आणि वळणारीलाही, तिच्यावर हजारो चुली पेटतात. सरकारने विडीवर कर वाढवला की शहरात चर्चा आरोग्याची होत नाही, पोटाची होते. या प्रश्नाचं सोपं उत्तर कुणाकडे आहे असं मला वाटत नाही. निदान ‘अस्सल जीवन’ म्हणून त्याचं कौतुक करायला आपण जाऊ नये.

विडी घरकुल

शहराबाहेर कुंभारीला गेले ते मामांच्या आग्रहाखातर. "हे बघा. हे आमच्या बायकांनी बांधलं," ते म्हणाले. मामी विडी वळतात, हे तेव्हा कळलं.

दहा हजार घरं. विडी कामगार बायकांची सहकारी संस्था, नाव गोदूताई परुळेकर यांचं. ज्यांनी वारली आदिवासींना संघटित केलं त्या गोदूताई. यामागे आडम मास्तर, म्हणजे नरसय्या आडम, माकपचे माजी आमदार. सोलापुरात त्यांच्याविषयी मतं अनेक आहेत, पण या घरांबद्दल बहुतेकांचं मत एकच. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. त्यापाठोपाठ असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत दिला गेला. लाल बावट्याच्या संघटनेने योजना आखावी आणि वेगवेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांनी येऊन चाव्या द्याव्यात, हे राजकारण मला तरी दुसऱ्या गावात आठवत नाही.

घरं छोटी आहेत, वसाहत उन्हात रखरखीत आहे, कामाची जागा दूर पडते. पण झोपडीतून निघून सातबाऱ्याच्या भाषेत स्वतःचं म्हणावं असं छप्पर मिळवलेल्या बाईने घराला जे केलं असतं ते सगळं इथे केलेलं आहे. ओटा वाढवलाय, दाराला गुलाबी रंग दिलाय, तुळस आहे, जाळीच्या पेटीत कोंबड्या आहेत. ओट्यावर सूप आणि तेंदूची पानं.

ज्यांच्या नावाची गाडी आहे

पुणे-सोलापूर हुतात्मा एक्स्प्रेसने शेकडो माणसं रोज ये-जा करतात. हे हुतात्मे कोण, हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल?

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेलेल्या जमावाशी पोलिसांची चकमक झाली. गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. जमावाने चौकी आणि कोर्ट पेटवलं. अधिकाऱ्यांनी हात टेकले आणि पोलीस मागे घेतले गेले. पुढचे तीन-चार दिवस शहर काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी चालवलं. चौकाचौकांत उभं राहून वाहतूक सांभाळली, पेठांत गस्त घातली. गिरणीची पाळी सांभाळणाऱ्या गावाला शिस्त कुणी शिकवायची गरज नव्हती. मग लष्कर आलं आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत सोलापुरात मार्शल लॉ होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला होता. आता मार्शल लॉच्या दिवसांत तो झेंडा हाती धरला तरी तुरुंग होता.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. याच उठावापायी या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करत, ‘गझनफर’ नावाचं साप्ताहिक चालवत. चौघांचे पुतळे शहराच्या मध्यावर आहेत. सोलापूरकर पत्ता सांगताना ‘चार पुतळ्यांपाशी’ म्हणतात. त्या चौकात संध्याकाळी फुगेवाले असतात.

भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं जुनं घर आहे, आता स्मारक. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच मृत्यू, वय ३२. चिनी शिष्टमंडळं इथे मुद्दाम येऊन फुलं वाहतात. मी गेले त्या दुपारी मात्र एकटीच होते.

तळं, गड्डा आणि भाकरी

शहराला एक सुंदर जागाही आहे, आणि तिचं सौंदर्य नाकारायचं कारण नाही. बहमनी काळातला भुईकोट किल्ला, त्याला लागून तळं, तळ्यात सिद्धेश्वराचं मंदिर. किल्ल्याच्या बुरुजावरून संध्याकाळी बघावं. सिद्धेश्वर म्हणजे सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वरांचे समकालीन. तळं त्यांनी खणवलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, अशी श्रद्धा आहे. म्हणजे या पाण्याच्या टंचाईच्या गावाचं दैवत तळं खणणारा माणूस आहे.

संक्रांतीला त्यांची यात्रा भरते, तिला गड्डा म्हणतात. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशीच लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, ही कथा. ते लग्न दरवर्षी लागतं. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून मिरवतात. जड काठी, वर सजावट, वारा, गर्दी, आणि तोल मात्र जात नाही. पुढच्या रांगेत लिंगायत असतात, पण अक्षता टाकायला सगळ्या पेठा येतात. होम मैदानावर पाळणे फिरतात. यात्रेत मी नव्हते. पण किल्ल्याजवळ मुलं बांबू घेऊन सराव करताना पाहिली, आणि पडणाऱ्याला ओरडा खाताना.

जेवणाबद्दल सोलापूरकर नम्र नाहीत, ते बरंच आहे. शेंगाचटणी उखळात कुटावी लागते, शेंगदाण्याला तेल सुटून ती ओलसर होईपर्यंत. मिक्सरमधली कोरडी पूड म्हणजे चटणी नव्हे, यावर इथे वाद होत नाही. कडक भाकरी ज्वारीची, पातळ थापून, भाजून, वाळवून महिना-महिना टिकणारी. पाळीवर जाणाऱ्याला आणि दूरच्या गाडीला जाणाऱ्याला सारखीच सोयीची. मटणाच्या रश्श्यात ती चुरून खातात, भिजायला दोन मिनिटं थांबतात. रमझानमध्ये विजापूर वेशीत रात्रभर मीना बाजार असतो. थंडीत हुरडा. लिंगायत घरांतून गव्हाची हुग्गी मिळाली तर सोडू नये.

चिमणी

या शहराने एका चिमणीवरून वर्षानुवर्षं भांडण केलं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी होटगी रोडच्या विमानतळाच्या आड येत होती. पाडा म्हणणारे आणि पाडू नका म्हणणारे दोघेही रस्त्यावर उतरले. विमान यावं की ऊस गाळला जावा, असा तो तिढा होता. जून २०२३ मध्ये ती पाडली गेली. जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं. ज्या गावाच्या आकाशाची ओळखच चिमण्यांनी सांगितली जायची, तिथे हे घडावं, याचं मामांना फार काही वाटत नव्हतं. "विमानात आम्ही थोडीच बसतोय," एवढंच ते म्हणाले. पण गोव्याहून कुणी उतरलं तर रिक्षा लागेलच, हेही त्यांनी जोडलं.

जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात जाऊ नका. ऊन चाळिशीच्या वर असतं आणि शेडमध्ये त्याहून. जानेवारीत जा, गड्ड्याच्या सुमाराला, पण खोली आधी ठरवून. मुक्काम दोन रात्रींचा तरी हवा, कारण दुपारी एक गाव असतं आणि रात्रपाळी लागल्यावर दुसरं. पूर्व भाग पायी बघा. लूम बघायची तर दारातून विचारा, बहुतेक जण "या की" म्हणतात. फोटोला नको म्हटलं तर आग्रह करू नका. ज्यांच्याजवळ बसाल त्यांचं काम तुमच्या गप्पांसाठी थांबवू नका, मजुरी नगावर असते.

आणि चादर घ्याल ती स्टेशनाबाहेरच्या ढिगातून घेऊ नका. कारखान्याच्या दुकानातून घ्या, बिल मागा. घडी मोडून उलट बाजू बघा: नक्षी तीच आणि रंग नेमके उलट असतील तर माल इथला. मागे नुसते फिकट डाग किंवा सुटे धागे दिसले तर ती छापील आहे, कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्या.